पेन्शनमध्ये बसणारा शिकण्याचा प्रवास: इंदूरहून निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी

इंदूरच्याच एका जोडप्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. दोघंही साठी ओलांडलेले, एक बँकेतून आणि एक शाळेतून निवृत्त. पेन्शन वेळेवर येते, पण घरखर्च, औषधं आणि आल्यागेल्याचं करून जे उरतं त्यात टूर कंपनीचं पॅकेज बसत नाही. काशी, रामेश्वर, चारधाम करून झालं. आता नुसतं दर्शन घेऊन परतायचं नाही, काही समजून घ्यायचं आहे. गुडघे चालतात, पण जपून. असा प्रवास कमी पैशात होतो का, आणि सुरुवात कुठून करावी?

होतो. शिकायचं मनावर घेतलं की प्रवास महाग राहतच नाही, असं माझं ठाम मत आहे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर आपल्याच वयाच्या लोकांचे छोटे गट घेऊन माळव्यात आणि आसपास फिरते. हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे पैसा कुठे जातो ते दिसतं. जेवणात तो फारसा जात नाही, मुक्कामातही मर्यादितच जातो. सगळ्यात जास्त जातो गाडीत. पाच दिवसांत पाच गावं करायची म्हटलं की रोज टॅक्सी, रोज नवी खोली, रोज सामानाची चढउतार, आणि वेळ नाही म्हणून रोज रस्त्यावर जे महागडं मिळेल ते जेवण. तेच पाच दिवस एका गावात काढले तर जाण्यायेण्याचा खर्च एकदाच होतो, खोलीवाला दोन दिवसांनंतर दर कमी करायला तयार होतो, घरगुती खानावळ सापडते आणि गावातल्या गावात ई-रिक्षा पुरते. अडचण एकच येते: एका गावात पाच दिवस करायचं काय? म्हणून घरून निघताना एक प्रश्न सोबत घ्यायचा. एक जागा, एक प्रश्न आणि तीन-चार मुक्काम, इतकीच माझी पद्धत आहे. बाकी सगळं तपशिलाचं काम.

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत १९७५ साली मार्टी नोल्टन आणि डेव्हिड बियान्को या दोघांनी न्यू हॅम्पशायरमधल्या पाच कॉलेजांत ज्येष्ठांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेले की वसतिगृहं रिकामी पडत. त्या साध्या खोल्यांत ज्येष्ठांनी आठवडाभर राहायचं, कॉलेजच्या मेसमध्ये जेवायचं आणि तिथल्याच प्राध्यापकांकडून शिकायचं. परीक्षा नाही, गुण नाहीत. एल्डरहॉस्टेल नावाने ती चळवळ पुढे खूप पसरली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७३ मध्ये, फ्रान्समधल्या तुलूझ इथे पियेर वेला यांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ काढलं होतं. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती कल्पना पोहोचली तेव्हा तिचं रूप बदललं. बाहेरचा प्राध्यापक नको, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं, असं तिथे ठरलं. या दोन्हींतून आपल्याला घेण्यासारख्या गोष्टी आहेत: रिकामी खोली शोधायची आणि आपल्यातलाच शिक्षक शोधायचा. इंदूरच्या मराठी घरांमध्ये निवृत्त अभियंते, डॉक्टर, बँकवाले आणि मास्तर इतके आहेत की शिक्षकांची वाण पडायची नाही.

सुरुवात घराजवळून करा. पहिला प्रश्न मी नेहमी हा देते: इंदूरवर पडलेला पाऊस शेवटी कुठल्या समुद्रात जातो? आपली खान नदी उत्तरेला जाऊन क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे राजवाड्यासमोर पडलेलं पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. आणि महू ओलांडून घाट उतरायला लागलं की पलीकडे पडलेला थेंब चोरल नदीतून नर्मदेत आणि नर्मदेतून अरबी समुद्रात. हा जलविभाजक आपण ओंकारेश्वरला जाताना दरवेळी ओलांडतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. महूजवळच्या जानापाव डोंगरावर चंबळेचा उगम मानतात. तिथून दोन्हीकडचा उतार डोळ्यांनी दिसतो. बसने किंवा चौघांनी मिळून केलेल्या गाडीने हे अर्ध्या दिवसात होतं. पावसाळ्यात पातालपाणी ते कालाकुंड अशी मीटरगेजची हेरिटेज गाडी धावत असेल तर तीही जोडून घ्या. ज्या घाटातून ती उतरते तो मार्ग होळकर स्टेट रेल्वेचा. त्यासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले होते. बँकेतून निवृत्त झालेल्यांना हा कर्जव्यवहार फार आवडतो आणि ते घाटभर त्याचं व्याज काढत बसतात.

शहरातही असे विषय भरपूर आहेत. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने १९१८ मध्ये इंदूरसाठी दोन खंडांचा अहवाल लिहिला. नदी, गल्ल्या, विहिरी, बागा यांचा शहराच्या आरोग्याशी असलेला संबंध त्यात मांडला आहे. तो अहवाल इंटरनेटवर मोफत वाचता येतो. त्यातली चार पानं वाचून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे होळकरांच्या समाधी-वास्तूंपासून, नदीच्या कडेने चालत जा. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली आणि काडीकचऱ्यापासून खत बनवण्याची जी रीत बसवली ती आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. बाल्कनीत कुंड्या लावणाऱ्या कुणालाही या विषयावर महिनाभर काम करता येईल. या सगळ्याला सिटी बसच्या तिकिटापलीकडे खर्च नाही.

आता मुक्कामाचा पहिला प्रवास. तो उज्जैनचा करावा, असं मी सांगेन. अंतर ५५ किलोमीटर, दिवसभर बस आणि गाड्या, काही बिघडलं तर दीड तासात घर. आपण सगळेच महाकालला सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलेले आहोत. पण क्षिप्रेजवळच्या वेधशाळेत फार थोडे जातात आणि जे जातात ते वीस मिनिटांत बाहेर पडतात. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी १८व्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, बनारस आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. मथुरेची आता शिल्लक नाही. उज्जैनची पडझड झाली होती, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. तिथली यंत्रं आजही काम देतात.

इथे घेऊन जायचा प्रश्न: उज्जैनमध्ये दुपारचे बारा खरोखर केव्हा वाजतात? आपल्या घड्याळातली वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या आसपास आहे. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे उज्जैनचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटं मागे. सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, भिंतीची सावली पाहून तुम्ही वेळ वाचलीत आणि हातातल्या घड्याळाशी ताडून पाहिलीत तर फरक दिसेल, पण तो नेमका २७ मिनिटं नसेल. कारण पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभरात कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उज्जैनचा मध्यान्ह साधारण १२ वाजून ११ मिनिटांनी येतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ मिनिटांनी. अर्ध्या तासाचा हा फरक स्वतः मोजून काढण्यात जो आनंद आहे तो सांगून कळत नाही. कागद, पेन्सिल, एक सरळ काठी आणि घड्याळ एवढंच सामान लागतं.

दुसरं यंत्र नाडीवलय. विषुववृत्ताच्या पातळीला समांतर धरलेल्या दोन तबकड्या, एक उत्तरेकडे तोंड केलेली, दुसरी दक्षिणेकडे. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत ऊन उत्तरेकडच्या तबकडीवर, उरलेले सहा महिने दक्षिणेकडच्या. उत्तरायण-दक्षिणायन आपण पंचांगात वाचत आलो, पण सूर्य त्या वेळी विषुववृत्ताच्या कुठल्या बाजूला आहे हे इथे दगडावर दिसतं. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्याने २१ जूनच्या मध्यान्ही शंकूची, म्हणजे सरळ उभ्या काठीची, सावली जवळजवळ नाहीशी होते. ते पाहायला जायचं असेल तर आकाश निरभ्र मिळेलच असं नाही, हे लक्षात ठेवा. दोन मुक्काम केलेत तर सावली सकाळी, दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी अशी तीनदा पाहता येते आणि मधल्या उन्हाच्या वेळी खोलीवर पडता येतं. श्रावणी सोमवार, सुट्ट्यांचे शनिवार-रविवार टाळा, खोल्यांचे दर तेव्हा भलतेच चढतात. २०२८च्या सिंहस्थाच्या आगेमागे तर उज्जैनमधली स्वस्ताई विसराच.

यानंतर सांची आणि विदिशा. शिकण्याच्या दृष्टीने मध्य प्रदेशात याच्या तोडीचं दुसरं ठिकाण मला माहीत नाही, म्हणून इथे थोडं जास्त सांगते.

सांचीचा मोठा स्तूप मुळात सम्राट अशोकाच्या काळचा, विटांचा. नंतर शुंगांच्या काळात तो दगडाने मढवून मोठा केला आणि इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्याला चार तोरणं, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वारं, बसली. दक्षिण तोरणावरच्या लेखात राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुकादमाचं, वासिष्ठीपुत्र आनंदाचं, दान नोंदलेलं आहे. सातकर्णी म्हणजे सातवाहन, ज्यांची राजधानी पैठण. मराठी माणसाने इथे थांबावं. त्याच तोरणावर दुसरा लेख आहे की इथलं कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. हे कळल्यावर त्या बारीक नक्षीकडे पुन्हा पाहा: हस्तिदंतावर काम करणारा हात दगडावर चालला तर जशी नक्षी उमटेल तशीच ती आहे.

पण सांचीला मी जो प्रश्न देते तो वेगळा आहे: हे सगळं कुणाच्या पैशाने झालं? कठड्याच्या दगडांवर शेकडो छोटे लेख आहेत. भिक्षू, भिक्षुणी, गृहिणी, व्यापारी, कुणा गावचे रहिवासी. प्रत्येकाने एखादा खांब, एखादी आडवी पट्टी दिली आणि आपलं नाव कोरून घेतलं. जवळजवळ प्रत्येक लेखाचा शेवट एकाच शब्दाने होतो: ‘दानं’. जेम्स प्रिन्सेप ब्राह्मी लिपी उलगडण्याच्या खटपटीत होते तेव्हा या लेखांचे ठसे त्यांच्यापुढे आले. शेवटची अक्षरं सगळीकडे सारखीच दिसतात, तेव्हा हा शब्द ‘दान’ असणार, असा त्यांनी तर्क केला आणि १८३७ मध्ये त्या एका शब्दातून लिपीची किल्ली हाती आली. आम्ही निघण्याआधी आठवडाभर ब्राह्मीची एवढीच अक्षरं गिरवतो: ‘दा’, ‘न’ आणि अनुस्वाराचा ठिपका. ‘न’ तर अगदी सोपा, आडव्या रेषेवर उभी काठी. मग स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालताना प्रत्येकाने कठड्यावर ‘दानं’ शोधायचं. पंचाहत्तरी गाठलेल्या बाईंना दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द स्वतः वाचता येतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी या गटांची सगळी यातायात आनंदाने करते.

तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात कुठेही नाही, तेही शोधून पाहा. पिंपळ, रिकामं आसन, पावलं, चक्र. जिथे ही खूण तिथे बुद्ध आहे असं समजायचं. ही गोष्ट आधी माहीत असेल तर एका तोरणासमोर तास कसा जातो कळत नाही. माहीत नसेल तर दहा मिनिटांत फोटो काढून माणूस निघतो.

सांचीहून विदिशा दहाएक किलोमीटर. विदिशेजवळ बेसनगरला एक उंच दगडी खांब आहे, स्थानिक लोक त्याला खांबबाबा म्हणत आले. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा राजदूत हेलिओडोरस इथल्या राजा भागभद्राच्या दरबारी आला आणि त्याने वासुदेवाचा गरुडध्वज म्हणून हा खांब उभारला. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमना १८७७ मध्ये हा खांब दिसला, पण शेंदराच्या जाड थराखाली लेख दडलेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेंदूर काढला तेव्हा तो वाचता आला. जवळच उदयगिरीच्या गुंफा आहेत, पृथ्वीला दातावर उचलणारा भव्य वराह तिथलाच. त्याच डोंगरात चंद्रगुप्त दुसऱ्याच्या काळातला, इसवी सन ४०१-४०२चा लेख आहे. एका ई-रिक्षात दिवस काढून हे सगळं पाहता येतं.

राहायला सांचीत श्रीलंकेच्या महाबोधी सोसायटीचं साधं विश्रामगृह आहे, नाहीतर विदिशा किंवा भोपाळमध्ये उतरा. सांची स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात, विदिशेला त्या मानाने बऱ्याच. एक मुक्काम वाढवलात तर भोपाळहून ४५ किलोमीटरवर भीमबेटका. आपल्या माळव्यातल्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये तिथल्या खडकांवरची आदिमानवाची चित्रं जगापुढे आणली. गुडघेदुखीवाल्यांना मी हे ठिकाण मुद्दाम सुचवते, कारण पायवाट बांधलेली आणि बरीचशी सपाट आहे. उदयगिरीला आणि सांचीच्या टेकडीवर मात्र पायऱ्या आहेत.

मांडूला गाइड रूपमतीची कहाणी सांगतो. ती ऐकून घ्या, मग त्याला पाण्याबद्दल विचारा. एवढ्या उंच पठारावर, जिथे नदी नाही, तिथे एवढी मोठी राजधानी पाणी कुठून प्यायची? उत्तर पावसात आहे. गच्चीवर पडलेलं पाणी पन्हाळींतून तलावात आणि हौदात. जहाज महालात तर पाण्याचा ओघ शांत व्हावा, गाळ बसावा म्हणून गोगलगाईसारखी वळणदार दगडी नाली कोरली आहे. मुंज तलाव, कपूर तलाव, चंपा बावडी आणि तिच्यालगतच्या गार खोल्या असा एक पूर्ण दिवस पाण्यामागे चालण्यात जातो. होशंगशाहच्या संगमरवरी मकबऱ्याच्या दाराच्या चौकटीवर १६५९चा लेख आहे. शाहजहानच्या दरबारातले वास्तुकार ही इमारत पाहायला येऊन गेल्याची नोंद त्यात आहे. पावसाळ्यातल्या रविवारी मांडूत गाड्यांची रांग लागते, म्हणून मंगळवारी जाऊन गुरुवारी परत या. पायऱ्या जागोजागी उंच आहेत, काठी बरोबर घ्या.

ओंकारेश्वरला नर्मदा पश्चिमेला का वाहते हा विषय घ्या, विंध्य आणि सातपुड्यामधल्या खचदरीचं पुस्तकातलं चित्र तिथे समोर उभं असतं. मुक्कामाला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, स्वच्छता आणि शिस्त तीच शेगावची. महेश्वरला अहिल्याबाईंचा कारभार आणि हातमाग: साडीच्या काठावरचे चटई, वीट, हिरा हे नमुने किल्ल्याच्या भिंतींवर शोधत फिरायचं. सनावदकडून रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी, २८ एप्रिल १७४० रोजी ते नर्मदाकाठी तिथेच गेले. बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून पाणी वाहून नेणारी मोगलकालीन व्यवस्था. ही सगळी पुढच्या दोन-तीन वर्षांची पुंजी म्हणून राखून ठेवा.

आता पैशाचं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्यावर हिशेब बांधू नका. लोअर बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुष ६० आणि स्त्रिया ४५ वर्षांपुढच्या. तो एका तिकिटावर एकटा किंवा दोघंच पात्र प्रवासी असतील तरच लागू होतो. सहाजणांचं एकच तिकीट काढलं की हा हक्क हातचा जातो आणि रात्री गुडघेदुखीवाल्यांना मधल्या बर्थवर चढावं लागतं. दोघा-दोघांची तिकिटं काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख तेवढी आधी पक्की करा. पुढे कधी लांबचा फेरा करायचा झाला, समजा गुजरातकडून राजस्थान आणि परत इंदूर, तर चक्रीय प्रवास तिकिटाची चौकशी स्टेशनवर करा. निघालो तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, असं ते तिकीट असतं. सुट्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडतं, फक्त प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं.

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांना ज्येष्ठांसाठी वेगळी सूट नाही, पण मुळात तिकीट सध्या २५ किंवा ४० रुपये आहे आणि ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशीची गर्दी पाहता मी तिकीट काढून दुसऱ्या दिवशी जाते. सर्वेक्षणाची संग्रहालयं शुक्रवारी आणि राज्य सरकारची सोमवारी बंद असतात. सांचीचं संग्रहालय हुकलं तर अर्धा विषय हुकतो, म्हणून वार बघूनच निघा. स्मारकापाशी सर्वेक्षणाच्या पुस्तिका मिळतात. त्या स्वस्त आणि विश्वासाच्या असतात, शक्य तर निघण्याआधीच मिळवा.

गाइडच्या पैशात काटकसर करू नका. मान्यताप्राप्त गाइड अर्ध्या दिवसासाठी घ्या, आधी दर ठरवा आणि ठरलेला दर पूर्ण द्या. सहा-सात जणांत तो वाटला की माणशी फार पडत नाही. त्याला सुरुवातीलाच सांगा की आम्हाला घाई नाही आणि आमचा प्रश्न हा आहे. बहुतेक गाइड खुलतात, कारण असं विचारणारे त्यांना क्वचितच भेटतात.

मध्य प्रदेश सरकारची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना २०१२ पासून आहे, ६० वर्षांपुढच्या आणि आयकर न भरणाऱ्यांना गाडीने मोफत तीर्थयात्रा घडते. ज्यांना ऐपत नाही त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे, ओळखीत कुणी पात्र असेल तर त्यांना अर्ज जरूर करायला लावा. पण तिथे वेळापत्रक गाडीचं असतं, आपल्या प्रश्नासाठी ती थांबत नाही.

तब्येतीचं थोडक्यात. सकाळी सात ते अकरा पाहायचं, दुपारी आडवं व्हायचं, चार ते सहा पुन्हा. दिवसाला एकच चढ. औषधांचे दोन संच करा, एक तुमच्या पिशवीत आणि एक जोडीदाराच्या. सत्तरी झालेल्यांनी आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. २०२४ पासून ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यावर मिळतात, आणि ते परगावच्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं. पेन्शनवाले नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी अडकून बसतात, खरं तर तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. नोव्हेंबर हा फिरायला उत्तम महिना आहे, तो त्या पायी घालवू नका.

दोघांनीच जावं की गटाने? उज्जैन आधी दोघं करा, म्हणजे आपला वेग आणि आपली झोप आपल्याला कळते. नंतर सहा-सात जण जमवा, त्याहून जास्त नको. सात माणसं एका मोठ्या गाडीत मावतात, एका टेबलावर जेवतात आणि एका तोरणासमोर उभी राहून एकमेकांचं बोलणं ऐकू शकतात. निघण्याआधी चार आठवडे दर शनिवारी कुणाच्या तरी घरी तासभर बसा, आणि प्रत्येकाने एक भाग वाटून घ्या: एकाने लिपी, एकाने दगड, एकाने राजे, एकीने कपडे आणि दागिने. तिथे गेल्यावर ज्याचा भाग त्याने बोलायचं. ज्यांना बोलायला संकोच वाटतो त्यांच्याकडे हिशेब किंवा नकाशा द्या, पण रिकाम्या हाताने कुणालाच नेऊ नका. येऊन आठवडा झाला की पुन्हा एकदा बसा, राहिलेले प्रश्न लिहून काढा आणि त्यांतूनच पुढचं गाव निवडा. गाव आणि प्रश्न ठरल्यावरच तारीख बघा आणि मग तिकीट काढा.